वयाइतके मासे

आमच्या लग्नात सासऱ्यांनी एकच अट घातली होती: मासा घरात येणार नाही. ते अहिल्याबाई घाटावर पूजा सांगणारे. आम्ही सिंधुदुर्गातले, ताटात मासा नसला की घरात कुणीतरी आजारी असल्यासारखे जेवणारे. मी रेल्वेच्या नोकरीत बनारसला आलो तो इथलाच झालो. काशीत जन्मलेली, घरात मराठी बोलणारी मुलगी सांगून आली, तेव्हा अट पुरती ऐकण्याआधीच मी मान हलवली. मासा घरात येणार नाही एवढंच ठरलं होतं. मी माशांकडे जाणार नाही असं काही कुणी म्हणालं नव्हतं. ही पळवाट बायकोच्या लक्षात येईपर्यंत मी कॉलनीमागच्या तळ्यावर गळ टाकून बसायला लागलो होतो, आणि मग ती काय करणार?

तिनं तिच्या परीनं तोड काढली. मी रविवारी गळ टाकायचा, आणि ती दर एकादशीला घाटावर जाऊन गंगेतल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालायची. "तुम्ही पकडा, मी चारते. देव काय ते बघून घेईल," म्हणायची. मी बहुतेक मासे परत पाण्यातच सोडायचो. एखादा मोठा रोहू लागला तर तो माझ्या शेजारी बसणाऱ्या दादांच्या घरी जायचा. दादा म्हणजे कॉलेजातून इतिहास शिकवून निवृत्त झालेले बंगाली गृहस्थ. बनारसात त्यांच्या तीन पिढ्या गेल्या, पण मोहरीच्या तेलात तळलेल्या रोहूबद्दल बोलायला लागले की काल परवाच हावडा स्टेशनवरून आले असावेत असं वाटतं. ते मला भाईसाहब म्हणतात. मासा त्यांचा आणि मासेमारीचं सुख माझं, अशी आमची वाटणी होती.

तळं लहानच आहे. इथं त्याला ताल म्हणतात, पण नाव मोठं ठेवलं म्हणून पाणी वाढत नाही. एका अंगाला विटांच्या जुन्या पायऱ्या आणि महादेवाचं देऊळ, दुसऱ्या अंगाला गवत आणि पाणकणसं, आणि मागं रेल्वे कॉलनीची भिंत. रोहू, कतला, नैन हे मासे साठलेल्या पाण्यात वीण घालत नाहीत, त्यांना वाहती नदी लागते. म्हणून आम्हा निवृत्त लोकांची एक समिती दर पावसाळ्यात पिल्लं आणून तळ्यात सोडते. पहिल्या वर्षी ती बोटाएवढी होतात, दुसऱ्या वर्षी गळाशी खेळायला लागतात, तिसऱ्या वर्षी दोरी तोडतात. तळ्यात कायम तिन्ही वयाचे मासे हवेत. ते असले की तळं नांदतं आहे असं मी म्हणायचो.

आणि मी म्हणायचो त्याला किंमत होती, हे सांगताना मी लाजणार नाही. देवदिवाळी झाली की कॉलनीतले लोक मला वाटेत थांबवून विचारायचे, "साहब, इस बार ताल कैसा रहेगा?" मी पाण्याचा रंग बघायचो, गवताच्या कडेला पिल्लं किती दिसतात ते बघायचो, आणि सांगायचो. यंदा देवळाच्या बाजूला कतला वर येईल. यंदा थंडी लवकर पडणार, माघापर्यंत कुणी वेळ घालवू नका. दहातल्या आठ वेळा खरं ठरायचं. उरलेल्या दोन वेळा मी दादांच्या चाऱ्याला दोष द्यायचो. मोहरीची पेंड, सत्तू, भाजलेली मेथी आणि आणखी कसलीशी पूड, जी ते मला शेवटपर्यंत सांगणार नाहीत, असा त्यांचा चारा. वास असा की मासे सोडा, देवळातला पुजारी दोन पायऱ्या वर जाऊन बसायचा.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मला न्यूमोनिया झाला. साधा ताप म्हणून अंगावर काढला, आणि मग एका सकाळी श्वासच पुरेना. त्या दिवसांतलं मला फार आठवत नाही. छताचा पांढरा दिवा आठवतो, तोंडातली नळी आठवते, आणि बायकोचा हात कपाळावर आहे की नर्सचा, हे डोळे न उघडता ओळखायचा प्रयत्न आठवतो. मुलगी पुण्याहून आली होती. ती नंतर म्हणाली, "बाबा, डॉक्टरांनी आम्हाला देवाचं नाव घ्यायला सांगितलं होतं." मी वाचलो. कसा वाचलो, हा प्रश्न मला पडला नाही. औषधं होती, डॉक्टर होते, आमच्या घराण्यातला चिवटपणा होता. माणूस स्वतःच्या वाचण्याचं श्रेय स्वतःकडे घ्यायला फार वेळ लावत नाही.

घरी आल्यावर कितीतरी महिने मला जिने चढवत नव्हते. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर मी पहिल्यांदा तळ्यावर गेलो. दादांनी उठून मिठीच मारली. त्या वर्षी मोठे रोहू लागत होते, जुने, ओळखीचे. मी खूश होतो. पण गवताच्या कडेला पिल्लं दिसत नव्हती. मला वाटलं, पाणी गढूळ आहे. मग वाटलं, बगळे जास्त झाले. समितीनं पावसाळ्यात नवी पिल्लं सोडली, नेहमीपेक्षा जास्तच. देवदिवाळीला मी कडेला जाऊन बसलो, उकिडवा, पाण्यात तोंड घालून, आणि एकही दिसलं नाही. शाळेत दहावीचा वर्ग भरलेला आहे आणि खालचे सगळे वर्ग रिकामे आहेत, असं काहीतरी ते होतं. दहावीची पोरं आता निघून जाणार, आणि मग शाळेला कुलूप.

मग एका सकाळी माझ्या गळाचा पाण्यावर तरंगणारा तरंडा नेहमीसारखा थरथरला नाही. एकदम सरळ खाली गेला. ओढ जड होती, पण रोहूची नव्हती. रोहू पळतो, हा नुसता खाली बसला होता. वर आला तेव्हा हातभर लांब, काळा, चपटं डोकं, तोंडाभोवती मिशा. गळ पार पोटापर्यंत गिळला होता. काठावर टाकला तर ओल्या विटांवरून कोपरांवर सरपटल्यासारखा पाण्याकडे निघाला.

"मांगुर," दादा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मेलेल्या नातेवाइकाची बातमी ऐकल्यासारखा भाव आला. "विलायती मांगुर. भाईसाहब, यह किसने डाल दिया?"

आपल्याकडचा देशी मांगुर निराळा, गरीब. हा बाहेरून आलेला. सरकारनं पाळायला बंदी घातलेला, तरी चोरून पाळतात, कारण तो मरतच नाही. घाण पाण्यात जगतो, पाण्याशिवाय जगतो, हवा गिळून राहतो, आणि समोर येईल ते खातो. पोटं फाडली तेव्हा आमची पिल्लं कुठं जात होती ते कळलं. आणि तो रोहूसारखा नदीची वाट बघत बसत नाही. पावसात पाणी गवतात चढलं की तिथंच अंडी घालतो. त्या हिवाळ्यात आम्हाला लागलं ते सगळं मांगुरच. लहान, मोठे, मधले. त्याचे मात्र सगळे वर्ग भरलेले होते.

मी मुळातच रागीट. घरी त्याला मी तत्त्वाचा माणूस म्हणतो, बायको डोकं फिरलेला म्हणते. हे कुणी केलं, ते शोधून काढायचंच, असं मी ठरवलं. मला आधी वाटलं, पलीकडच्या वस्तीत कुणी चोरून हौद बांधला असेल आणि पावसात तो भरून वाहिला असेल. मी आणि दादा सगळी वस्ती पायी फिरलो. हौद कुठंच नव्हता. मग मला चहावाल्याचा संशय आला, मग पुजाऱ्याचा, मग समितीतल्याच एका माणसाचा, ज्याचं आणि माझं पटत नाही. एकदा दादा आमच्याकडे चहाला आले होते. हिंदीत आमचं हेच चाललं होतं. दादा म्हणाले, "जिसने भी किया है, उसके घर में कभी चैन नहीं होगा।" मी म्हटलं, चैन सोडा, त्याला नरकातही जागा मिळू नये, असल्या माणसानं एक जिवंत तळं मारलं आहे. बायको चहा घेऊन आली होती. कप तिनं खाली ठेवला तो बशीत जरासा सांडला. मी म्हटलं, "अगं, बघून." ती आत गेली आणि दादा जाईपर्यंत बाहेर आली नाही. तिला आमच्या माशांच्या गप्पांचा कंटाळा आहे, असं मी दादांना सांगितलं.

त्यानंतर दर जेवणाला मी तेच बोलत होतो. भात कालवता कालवता त्या अज्ञात माणसाचा उद्धार करत होतो. ती वाढत होती. एकदा म्हणाली, "त्याला माहीत नसेल." मी म्हटलं, "माहीत नसायला तो काय तान्हा आहे?" ती म्हणाली, "मजबूरी असेल काही." मी म्हटलं, "तळ्यात मांगुर सोडण्याची कसली आली आहे मजबुरी?" तिनं आमटी वाढली, आणि विषय तिथंच संपला असं मला वाटलं.

शेवटी मी समितीपुढं उपाय मांडला. जेठ महिन्यात पाणी तळाला जातं. तेव्हा पंप लावायचा, सगळं पाणी उपसायचं, चिखलातून एकूण एक मांगुर काढायचा, खड्ड्यात चुना घालून पुरायचा. तळं ऊन खाऊन कोरडं पडू द्यायचं. पावसात भरलं की नवी पिल्लं. उरलेसुरले मोठे रोहू तेवढे पंपघराच्या हौदात जपून ठेवायचे. एकसुद्धा मांगुर राहिला तर काय उपयोग, हे मी टेबलावर हात आपटून सांगितलं. सगळ्यांनी मान्य केलं आणि काम माझ्याकडेच दिलं.

दुपारी घरी आलो तेव्हा मी वरातीतून आल्यासारखा होतो. हात धुतले, पाटावर बसलो आणि सगळं तिला सांगितलं.

"सगळे?" तिनं विचारलं.

"सगळे. एक सोडायचा नाही."

तिनं डाव भांड्यात ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते तुमचे आहेत."

मला वाटलं, ती समितीचं काहीतरी म्हणते आहे. "माझे कसे? तळं सगळ्यांचं आहे."

"अहो, तुमचे. तुमच्या नावानं सोडलेले. मी सोडले."

ती खाली बसली आणि बोलायला लागली. हात मांडीवर, आवाज पोथी वाचताना असतो तसा सपाट. मी दवाखान्यात होतो तेव्हाची गोष्ट. डॉक्टर म्हणाले होते की औषध लागू होत नाही. तिच्या माहेरी असं दुखणं जडलं की माणसाच्या वयाइतके जिवंत मासे पाण्यात सोडायचे. जितके जीव सोडले, तितकी वर्षं त्याच्या पदरी. तिच्या वडिलांसाठी आईनं सोडले होते, घाटावरून.

"पण गंगाजी चढल्या होत्या," ती म्हणाली. "पायऱ्या सगळ्या पाण्याखाली. पोलीस कुणाला उतरू देत नव्हते. मग म्हटलं, तुमचा ताल आहे ना. तुम्ही तर बहुतेक सोडूनच देता. तिथं त्यांना कोण मारणार?"

मासळीबाजारात ती जन्मात गेली नव्हती. नाकाला पदर लावून उभी राहिली. विक्रेता म्हणाला, माताजी, रोहू घ्या, ताजा आहे. तो बर्फावर निजलेला. ती म्हणाली, "मी म्हटलं, मला जिंदाच पाहिजेत. बिलकुल जिंदा. मेलेले घेऊन मी काय करू? तर त्यानं टबातले काळे दाखवले. मिशावाले. म्हणाला, यह नहीं मरेगा माताजी, यह तो मरता ही नहीं." ती पुढं म्हणाली, "मला ते फार बरं वाटलं ऐकून."

तिनं मोजून घेतले. माझ्या वयाइतके, आणि एक वरचा, पुढच्या वर्षासाठी. दोन बादल्या ई-रिक्षात ठेवून ती कॉलनीमागं आली. उतरताना एक उडी मारून रस्त्यावर पडला. "तो तडफडत होता. ड्रायव्हर हात लावेना. मग मी उचलला. ह्या हातानं." तिनं उजवा हात जरासा वर केला. सासऱ्यांच्या घरातली ती मुलगी. माझ्या गळाच्या पेटीवरून झाडू फिरवताना पदर सावरणारी.

मला हे ऐकून भरून यायला हवं होतं. तसं झालं नाही. आधी रागच आला. मी ओरडलो, "अगं, कुणाला तरी विचारायचं! कुठला मासा, काय मासा!"

"कुणाला विचारू?" ती म्हणाली. "तुम्हाला? तोंडात नळी होती तुमच्या."

मी ताटावरून उठलो. बाहेर जाऊन उभा राहिलो. इतके महिने मी त्या घरात ज्या माणसाला नरकात धाडत होतो तो आत बसून माझं ताट झाकून ठेवत होता. मला स्वतःची लाज वाटली, तिची दया आली, आणि तरीही राग गेला नाही. तळ्याचं मरण आणि माझं जगणं एकाच बादलीतून आलं होतं, हे कुठल्या तोंडानं आणि कुणाला सांगायचं? दादांना मी आजतागायत सांगितलेलं नाही.

संध्याकाळी ती म्हणाली, "गंगाजीत सोडून द्या ना त्यांना. मारू नका. पंप लावा, काढा, पण गंगाजीत सोडा." मी तिला समजावलं. जे तळ्याचं झालं तेच तिकडं होईल, तिथंही पिल्लं असतात, तू ज्यांना गोळ्या घालतेस त्यांचीच. ती ऐकत होती. मग म्हणाली, "एक तरी. वरचा जो सोडला होता तो."

"तो कुठला, हे मला कसं कळणार?"

"हां," ती म्हणाली. "ते कसं कळणार."

तिनं पुन्हा विचारलं नाही. रडली नाही, रुसली नाही, उपास धरला नाही. माझी त्याचीच तयारी होती, आणि तिनं ती वाया घालवली. मी काम थांबवू शकलो असतो. तब्येतीचं निमित्त होतं, पंप मिळत नाही हे निमित्त होतं. पण कॉलनीतली माणसं रोज विचारत होती, मोठे रोहू एकेक करून म्हातारे होत होते, आणि ह्या वर्षी झालं नाही तर पुढच्या पावसात मांगुर दुप्पट होणार हे मला दिसत होतं. मी स्वतःला सांगितलं की ही अंधश्रद्धा आहे. जन्मभर रेल्वेत सिग्नलचं काम केलेला माणूस मी, तार जोडलेली असेल तरच दिवा लागतो. मासा आणि माझा श्वास यांच्यामध्ये कुठलीही तार नाही. हे मी रोज सांगत होतो, याचाच अर्थ मला भीती वाटत होती.

पंप चालू राहिला, पाणी उतरत गेलं, आणि शेवटी तळ्याच्या पोटात एक काळा, चमकणारा चिखल राहिला, आणि तो चिखल हलत होता. जाळं टाकणारी माणसं मांडीपर्यंत आत उतरली. टोपल्या वर येऊ लागल्या. लहान पुष्कळ होते. पण माझं लक्ष मोठ्यांकडे होतं. लहान ते इथं जन्मलेले, मोठे ते बादलीतून आलेले. मी काठावर उभा राहून मनात त्यांची मोजदाद करतोय हे माझ्या लक्षात आलं, आणि मी मान दुसरीकडे वळवली. खड्ड्यापाशी दादा म्हणाले, "पहली टोकरी आप डालिए, भाईसाहब. आपकी मेहनत है।" सगळे टाळ्या वाजवायला तयार होते. मी टोपली उचलली. आत ते हवा गिळत होते, एकामागून एक, तोंडं उघडत आणि मिटत. दवाखान्यात माझं तोंडही असंच दिसत असणार. मी टोपली उपडी केली. टाळ्या वाजल्या.

घरी आलो तर दाराबाहेर गरम पाण्याची बादली आणि धुतलेले कपडे ठेवलेले. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावरून आलेल्या माणसाला ठेवतात तसे. मी बाहेरच्या मोरीत आंघोळ केली. आत आलो तेव्हा चूल थंड होती, तीही नुकतीच न्हालेली होती. तिनं केळं आणि दूध पुढं ठेवलं. मग म्हणाली, "केवढे झाले होते?"

मी हातानं दाखवलं.

"बरे वाढले होते मग," ती म्हणाली.

त्यानंतर तिच्यात जो बदल झाला तो बाहेरच्याला दिसणार नाही. स्वयंपाक तसाच, बोलणं तसंच, मुलीशी फोनवर हसणं तसंच. फक्त एकादशीला घाटावर जाणं थांबलं. गुडघा दुखतो म्हणाली. आणि मी जिना चढून आलो की ती दारात यायची, माझ्या छातीकडे बघायची, आणि आत जायची. पावसाला सुरुवात झाल्यावर मला खोकला झाला. साधाच, ऋतू बदलताना सगळ्यांना होतो तसा. मी तो तिच्यापासून लपवायला लागलो. खोकला आला की भाजीला जातो म्हणून खाली उतरायचो आणि भिंतीमागं उभा राहून खोकायचो. तिला ऐकू जाऊ नये म्हणून, असं स्वतःला म्हणायचो, पण मलाही तो ऐकायचा नव्हता. खोकला गेला.

श्रावणात तळं भरलं. पाणी स्वच्छ होतं, इतकं की पायऱ्यांच्या खालच्या विटा दिसत होत्या. समितीनं पिल्लं मागवली. मी मनाशी एक बेत केला, आणि खरं सांगतो, त्या बेतावर मी खूश होतो. मला वाटलं, जे बिघडलं ते ह्यानं सरळ होईल. पिल्लं ह्या वर्षी हिच्या हातानं सोडायची. रोहूची, चांगली, निर्धोक. माझ्या वयाच्या कितीतरी पटीनं जीव. हिला पुन्हा हवी ती मन्नत मानू दे. मी तिला म्हटलं, "चल ना तळ्यावर, काम आहे." ती का म्हणून न विचारता आली.

दादा होते, समितीतले चारसहा जण होते. पिल्लांच्या पिशव्या पायऱ्यांशी पाण्यात तरंगत ठेवल्या होत्या. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखंच गार होऊ द्यावं लागतं, नाहीतर पिल्लं दचकून मरतात. जिऱ्याएवढे जीव, पिशवीभर, एका अंगाला झुकत होते, मग दुसऱ्या. एक पिशवी मी उचलून तिच्यापुढं धरली.

"तू सोड."

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "नको."

"अगं, रोहू आहेत. मी स्वतः बघून घेतलेत. हे कुणाला काही करत नाहीत."

"मला काय कळतं त्यातलं. माझ्या हातानं नको आता."

सगळे बघत होते, पण आम्ही मराठीत बोलत होतो, त्यामुळं कुणाला काही समजत नव्हतं. ते समजुतीनं हसत होते. बाई लाजते आहे, एवढंच त्यांना वाटत असणार. तिचा चेहरा मला दिसत होता, आणि मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तिचा माशांवर विश्वास होता की नाही हा प्रश्नच नव्हता. दवाखान्याच्या बाहेर, सगळे हात टेकून बसले असताना, आपण काहीतरी केलं आणि माणूस घरी आला, एवढं तिच्याकडे होतं. आयुष्यात दुसरं कसलं श्रेय तिनं कधी मागितलं नाही. ते मी जेठातल्या उन्हात, टाळ्यांच्या गजरात, खड्ड्यात घातलं होतं.

म्हणून मी जे बोललो ते बोललो. कधी देवाला हात जोडले नाहीत असा मी, म्हटलं, "तू सोडलेस म्हणून मी परत आलो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "खरं म्हणता?"

"खरं." आणि बोलताना मला ते खोटं वाटलं नाही.

"मग मारलेत कशाला त्यांना?" ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी तोंड उघडलं, आणि तळ्याचं, पिल्लांचं, समितीचं जे सगळं मला पाठ होतं त्यातलं एकही वाक्य तिथं सांगण्यासारखं नव्हतं. मागून दादांनी हाक मारली, "खोलिए भाईसाहब, धूप तेज हो रही है।" पिशवी माझ्या हातात गरम व्हायला लागली होती. मी पायरीवर बसलो, गाठ सोडली आणि पिशवीचं तोंड पाण्यात कलतं केलं. पिल्लं जरा वेळ तिथंच घुटमळली, मग गेली. मी मागं वळून पाहिलं तेव्हा ती पायऱ्या चढून वर पोचली होती आणि घराच्या दिशेनं एकटीच चालायला लागली होती.